मायच्या पायाचा वास आणि माझं नाक

पट्टी सोडली तेव्हा

डॉक्टरांनी मायच्या पायाची पट्टी सोडली आणि त्या छोट्या खोलीतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. नर्सनं मनगट नाकाशी नेलं. माझ्या धाकट्या बहिणीनं, सरलानं, पदर तोंडावर दाबला. माझी बायको मनीषा तर दाराशीच थांबली. मी एकटा मायचा घोटा हातात धरून उभा होतो, आणि ही सगळी अशी मागे का गेली ते मला कळेना.

"घरी पट्टी कोण करतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी करतो, सर. रोज संध्याकाळी. मेडिकलवर काम करतो मी." हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

"मग रोज एवढा वास आला नाही तुम्हाला?"

"कसला वास, सर?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मायचा पाय हळूच टेबलावर ठेवून ते माझ्याजवळ आले, माझी हनुवटी वर केली आणि हातातल्या बॅटरीचा उजेड माझ्या नाकात टाकला.

"तुम्हाला शेवटचा वास कधी आला होता, आठवतंय का?"

मी आठवायला लागलो. साबण, कांद्याची फोडणी, दुकानातलं टिंक्चर. एकाचाही वास कधी आला होता ते आठवेना. मला वाटलं होतं माझं नाक नुसतं चोंदलंय. नाक चोंदलेला माणूस वासाचा हिशेब ठेवत नाही.

त्या टेबलावर एकदम दोन आजार निघाले. मायच्या पायात खोलवर पू झाला होता आणि बोटं आतून काळी पडली होती. आणि माझ्या नाकामागच्या पोकळ्यांत कित्येक वर्षांपासून जंतूंनी बिऱ्हाड थाटलं होतं. माझा आजार जीव घेणारा नव्हता, पण जीव त्यानंच घेतला, असं मी म्हणतो. डॉक्टर तसं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं मी पुढे सांगेन, पण पटलेलं नाही.

हे लिहून काढतोय, कारण आमच्या नंदुरबारात माझ्यासारखी नाकं खूप आहेत.

सगळं खापर मिरचीवर

आमच्या गावाला मिरचीचं गाव म्हणतात. हिवाळा लागला की गावाबाहेर पथाऱ्या पडतात, म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाळवायची मोठमोठी मैदानं. वारा फिरला की शहरातही ठसका लागतो. शिंकणाऱ्याला आमच्याकडे कुणी आजारी समजत नाही. "मिरची लागनी" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं.

माय तीस वर्षं पथारीवर मिरचीचे देठ खुडायला गेली. तोंडाला फडकं, हाताला चिंध्या, आणि घरी आल्यावर आम्हा भावंडांना जवळ घ्यायच्या आधी तासभर ताकात हात बुडवून बसायची. वडील लवकर गेले. मला डी.फार्म. तिच्या त्या हातांनी केलं. पुढे मी मार्केट यार्डाजवळच्या एका मेडिकलमध्ये लागलो, तिचं काम सोडवलं, पण सीझन आला की तिचे पाय ऐकायचे नाहीत. "दोन तास जाईसन येस. घरमा बठीसन काय करू?" असं म्हणून निघायची.

त्यामुळे माझं नाक वाहायला लागलं तेव्हा आम्ही कुणी विचारच केला नाही. पिवळा घट्ट शेंबूड, भुवईच्या वर दुखणं, वाकलं की गाल जड होणं, रात्री तोंडानं श्वास. मिरची. उन्हाळ्यात मिरची नसायची, तरी नाक तसंच. मग म्हणायचो, धूळ.

मायचंही तसंच झालं. तिला साखरेचा आजार होता. त्या सीझनला पथारीवर मिरची पायानं उलटवताना तळव्यात काहीतरी घुसलं असणार, तिला कळलंच नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पायनी आग व्हई ऱ्हायनी रे दिलीप. मिरची लागनी."

साखरेच्या माणसाच्या पायाची आग म्हणजे काय हे मला माहीत होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी सांगायचो, काका, अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघा. मायचा तळवा मी चार दिवसांनी बघितला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात होता.

चार गोळ्यांचा शहाणपणा

माझ्या नाकाचा इलाज मीच करत होतो. डॉक्टरांची चिठ्ठी कशाला, मागच्या फळीवर सगळं मांडलेलं. नाक भरलं की अँटिबायोटिकच्या चार गोळ्या काढायच्या, दोन दिवस घ्यायच्या, कपाळ हलकं झालं की बंद. महिन्याभरानं पुन्हा भरलं की दुसरी गोळी, थोडी 'जोरकस'. गिऱ्हाइकाला मात्र मी बोट दाखवून सांगायचो, कोर्स पूर्ण करा बरं का.

अशी सहा-सात वर्षं गेली. ह्या काळात माझ्या नाकातून घाण वास यायला लागला होता. पूच तो, वास येणारच. मला सोडून सगळ्यांना यायचा. दुकानात मालकानं मला काउंटरवरून मागच्या बाजूला, माल लावायला पाठवलं. मला वाटलं, बढती झाली.

घरी कुणी काही बोललं नाही. मनीषा कूस बदलून झोपायची. मी घोरतो म्हणून असेल, असं समजून मी माझी गादी मायच्या खोलीत नेली. मायला बरं वाटलं. पण माय पुढच्याच आठवड्यापासून रोज सकाळी माझ्यासमोर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवायला लागली. त्यात ओवा टाकलेला. "वाफ ले," म्हणायची. का, ते सांगायची नाही.

मायच्या पायाला जखम झाली, मी पट्टी करायला लागलो, त्यानंतर तर सकाळ-संध्याकाळ वाफ सुरू झाली. नको म्हटलं की रागवायची.

आणि मनीषा त्या खोलीत उदबत्त्या लावायला लागली. आधी एक, मग तीन-तीन. मी तिला चिडवलं पण, "काय गं, एकदम देवाधर्माला लागलीस? म्हातारी झालीस का?" ती हसली नाही. सरला रनाळ्याहून मायला बघायला यायची, आल्या आल्या खिडकी उघडायची. मी म्हणायचो, मायला गार वारा लागेल, आणि खिडकी बंद करायचो.

मायची जखम वरून सुकत होती. खपली धरली होती. मी खूश होतो. खपलीच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नव्हतं. ते फक्त नाकाला कळलं असतं. रोज संध्याकाळी माझं नाक तिच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर असायचं.

मायला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

व्हरांड्यात

पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर सही मी केली. अंगठ्याचा ठसा मायनं दिला. शाई लावताना ती सरलाला म्हणाली, "हाऊ अंगठा तरी ठेवतीन ना?" कुणाला हसू आलं नाही, तीच थोडी हसली.

तिला आत नेल्यावर आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दुपार होती. सरला एकदम माझ्यावर उसळली.

"भाऊ, तू मेडिकलवाला ना? तुले इतला वास उना नई? आम्ही दारमा पाय ठेवा का नाक दाबनं पडे, आणि तू तठेच झोपे!"

"मग तुला येत होता तर बोलली का नाहीस?" मी पण ओरडलो.

तिनं मनीषाकडे पाहिलं. मनीषा खाली मान घालून बांगड्या फिरवत होती. शेवटी तीच बोलली. इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

"आमले वाटनं, तो वास तुमना नाकना शे."

माझा हात आपोआप नाकाकडे गेला.

"दोन-तीन वरीसपाइन येस तुमना नाकले वास," ती म्हणाली. "कसं सांगतू? दिवसभर राबीसन येतस तुम्ही. मी सरलाताईले बी सांगेल व्हतं, त्यासले काही बोलू नका, जीवले लाई लेतीन."

म्हणजे घरात पाय कुजत होता, आणि त्याचा आळ माझ्या नाकावर होता. आणि मला वाईट वाटू नये म्हणून दोन शहाण्या बायका तोंडं मिटून उदबत्त्या लावत होत्या. मला त्यांचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं.

सरला त्यानंतर पुष्कळ दिवस माझ्याशी बोलली नाही.

फडकं न लावणारा

पाय काढला तरी विष रक्तात उतरलं होतं. माय अकरा दिवस वॉर्डात होती. मला तिथला दिनक्रम अजून पाठ आहे. सहाला साखर तपासायला बोट टोचणार, आठला ड्रेसिंगची ट्रॉली, दहाला डॉक्टरांचा राउंड, चारला सलाईन बदलणार. ट्रॉलीच्या चाकाचा आवाज आला की शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक उठून बाहेर जायचे. वॉर्ड पुसणारी मावशी नाकातोंडाला ओढणी बांधून यायची. सिस्टर मास्क लावायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मायला ते दिसायचं. तीस वर्षं तोंडाला फडकं बांधून बसलेली बाई, आता तिच्यापायी लोक फडकी बांधत होते. तिला फार शरम वाटायची. ट्रॉली आली की डोळे मिटून घ्यायची.

मी मात्र तिच्या पायाशीच बसायचो. खाली वाकून चादर सारखी करायचो, उरलेल्या पायावर हात फिरवायचो. एकदा ड्रेसिंग झाल्यावर तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "तू एकलाच फडकं नई लावस रे. तुले मन्हा वास नई येस का?"

"नाही माय," मी म्हणालो. अगदी खरं बोललो.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू? तिला ती माया वाटली. मी खुलासा केला नाही. ह्या सगळ्या आजारपणात माझ्या मेलेल्या नाकानं एवढंच एक चांगलं काम केलं.

तिनं सांगितलं ते

आठव्या की नवव्या दिवशी तिला जरा हुशारी वाटत होती. मी चमच्यानं पेज भरवत होतो. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं तिला पाणी हवंय.

"वाफ लेस का रे तू आठे?" तिनं विचारलं.

"इथे कुठली वाफ, माय? तू बरी हो, मग घरी घेऊ."

"ले. सोडू नको." मग म्हणाली, "माले घरमा वास येत व्हता. माले वाटनं, तुन्हा नाकना शे. दिवसेंदिवस वाढत व्हता, म्हनीसन मी दोनदोन टाईम वाफ दी तुले."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

"सांगं का नई, माय?"

"तुन्हा जीवले लागतं." मग तोंड भिंतीकडे वळवून म्हणाली, "तो मन्हाच पाय व्हता. आणि मी तुले नावं ठेवे मनमा."

स्वतःचा पाय कुजत होता, त्याचा वास तिला येत होता, आणि ती उठून, त्याच पायावर लंगडत, माझ्यासाठी पाणी उकळत होती. जितका वास वाढला तितका ओवा वाढवत होती. मला हे आजही धड आठवता येत नाही, आणि विसरता तर येतच नाही.

दोन दिवसांनी, सकाळच्या राउंडच्या आधी ती गेली. मी तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. आईच्या अंगाला एक वास असतो म्हणतात. तिच्या अंगाला शेवटी काय वास होता, औषधाचा, मिरचीचा, की आणखी कसला, मला माहीत नाही. सगळ्यांनी तो घेतला, मला मिळाला नाही.

धुळ्याच्या मॅडम

मी नाक दाखवायला जाणार नव्हतो. आता कशाला, असं झालं होतं. मायच्या बाराव्यानंतर सरला आली, माझ्यासमोर पिशवी ठेवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "कपडा भर. धुळे जानं शे. माय गयी, आते तू बी असाच ऱ्हाशी का?"

धुळ्याच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर मॅडमनी स्कॅन दाखवला. जिथे काळी पोकळी दिसायला हवी, तिथे सगळं करडं भरलेलं होतं. दोन्ही बाजूंना मांसाचे मऊ फुगे लोंबत होते. वास वरच्या ज्या चिंचोळ्या जागेत कळतो, तिथवर हवा पोचतच नव्हती. त्यांनी आतला पू काडीवर घेऊन तपासायला पाठवला.

रिपोर्ट मला वाचता येतो. कोणत्या औषधानं जंतू मरतात आणि कोणत्या औषधाला ते दाद देत नाहीत, त्याची यादी असते. मी वर्षानुवर्षं मागच्या फळीवरून काढलेल्या गोळ्या एकापाठोपाठ एक त्यात होत्या, आणि प्रत्येकीपुढे 'रेझिस्टंट'. जंतूंना मीच थोडं थोडं औषध चाखवून तयार केलं होतं.

"जंतू सगळ्यांच्या नाकात असतात," मॅडम म्हणाल्या. "सगळा दोष त्यांचा नाही. सूज येते, वाट बंद होते, आत साचतं, मग ते वाढतात. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर करून बसतात. गोळी वरवरच्यांना मारते, थराखालचे राहतात. म्हणून दोन दिवस बरं वाटतं. टाकी उघडून घासावी लागते."

ऑपरेशन नाकातूनच दुर्बिणीनं झालं, बाहेर टाका नाही. नंतरचा दीड दिवस नाकात बोळे होते, तो मात्र वाईट गेला. पाणी गिळताना कानात दडे बसायचे. मनीषा माझे ओठ ओल्या कापसानं पुसत राहिली. पुढे रिपोर्टमधलं चालणारं औषध पूर्ण दिवस घेतलं, एकही गोळी न चुकवता. आता रोज दोन वेळा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुतो, आणि फवारा मारतो. हे बहुतेक कायमचं आहे. हा आजार ताब्यात ठेवायचा असतो, तो मुळासकट जात नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

मायबद्दल मी त्यांना विचारलं. माझं नाक चांगलं असतं तर ती वाचली असती का? त्या म्हणाल्या, साखरेच्या पायाचं काही सांगता येत नाही, स्वतःला असं लावून घेऊ नका. चांगल्या बाई आहेत. पण 'नसती वाचली' असं त्यांनी म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.

आज

वास हळूहळू परत आला, तोही अर्धामुर्धा. सगळ्यात आधी आला तो फिनेलचा. मी मायच्या खोलीत धावत गेलो. पण खोली केव्हाच धुतली होती, गादी जाळली होती, लुगडी रीतीप्रमाणे देऊन टाकली होती. तिचं मिरचीचं फडकं तेवढं खुंटीला राहिलं होतं. ते नाकाला लावलं. मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. नुसती मिरची होती. माय नव्हती.

मी पुन्हा दुकानात काउंटरवर उभा राहतो. कुणी 'चार गोळ्या द्या' म्हणालं की देत नाही. लोक चिडतात, दुसऱ्या दुकानात जातात. माझ्या मालकालाही ते आवडत नाही.

परवा सकाळी मी दाढी करत होतो. मनीषानं चहा आणून ठेवला. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. कपाट उघडलं, उगाच बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमना नाकले परत घाण वास ई ऱ्हायना. दोन दिनपाइन."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी स्टुलावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. ती घाबरून माफी मागायला लागली. तिला कसं सांगू, की इतकं मोलाचं वाक्य मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. दहा वाजता मॅडमना फोन केला, दुपारच्या गाडीनं धुळ्याला जाऊन आलो. थोडाच पू होता, लवकर सापडला.

एवढंच तर बोलायचं होतं, माय. तीन वर्षांपूर्वी. मला राग आला असता. एक दिवस मी घरात जेवलो नसतो. मग गेलो असतो धुळ्याला. आणि त्या संध्याकाळी तुझी पट्टी सोडताना मीही सगळ्यांसारखा एक पाऊल मागे सरलो असतो.